वाइपिओ वरूनच बघितलं, आणि तेवढं पुरे

हवाईच्या मोठ्या बेटावर जाऊन आले म्हटलं की लगेच प्रश्न येतो, "मग वाइपिओच्या खोऱ्यात उतरलीस की नाही?" नाही उतरले. पर्यटकांना उतरू देत नाहीत. आणि खरं सांगू का, देत नाहीत तेच बरं आहे.

होनोकाआ गावाच्या पुढे रस्ता एका कठड्यापाशी चक्क संपतो. खाली काळ्या वाळूचा किनारा, त्याला मधोमध चिरत समुद्राला मिळणारी नदी. तिच्या तोंडाशी लाटांचा फेस गढूळ होतो आणि थोडं आत गेलं की एकदम निळं पाणी. समोरच्या सरळसोट कड्यावर नागमोडी पायवाट, कुणीतरी खिळ्याने ओरखडल्यासारखी. आत बघावं तर हिरव्या गर्दीत अळूची पाणथळ खाचरं चमकत असतात.

खाली जाणारा रस्ता जेमतेम एक किलोमीटर. पण उतार सरासरी २५ टक्के, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. दरडींचा धोका आहे म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये काउंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, तो बंद केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेटावरच्या रहिवाशांना परवानगी मिळाली. बाहेरच्यांना मात्र पायीसुद्धा मनाई.

यावर लोक जाम चिडतात. "एवढा खर्च करून आलो आणि कठड्यावरून बघायचं?" अहो, पण खाली काही बाग नाही, लोकांची शेती आहे. अळूचे कंद उकडून, कुटून त्याची पोई करतात. हवाईच्या लोकांचं ते मूळ अन्न, आणि या खोऱ्यात ते पिढ्यानपिढ्या पिकतंय. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीने खोरं धुऊन नेलं. इथे जीव कुणाचा गेला नाही, पण बहुतेक कुटुंबं वर राहायला गेली. तरी शेती टिकली. अशा ठिकाणी भाड्याच्या गाड्यांची रांग कुणाला हवी असेल?

एक गोष्ट मात्र खटकते. परवाना असलेल्या टूर कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना खाली नेऊ शकतात. रस्ता धोक्याचा असेल तर तिकीट काढलेल्यालाही तो तितकाच धोक्याचा, नाही का? त्यांचे चालक सराईत असतात, गाड्या मोजक्याच जातात, हे मान्य. तरी पैसे मोजले की फाटक उघडतं, हे काही पचत नाही.

हिइलावे धबधब्यासाठी जाणार असाल तर आधीच सांगते. सुमारे ४४० मीटरचा हा धबधबा आतल्या फाट्यात आहे, कठड्यावरून दिसत नाही. उसाच्या मळ्यांसाठी पूर्वी कालवे काढून या खोऱ्यातलं पाणी वळवलं होतं, त्या काळात धबधब्याची धारही रोडावली होती म्हणे. आणि जायचं तर सकाळी लवकर जा. वर गाड्या लावायला जागा फार थोडी आहे, शिवाय ईशान्येचे वारे ढग घेऊन आले की समोरचा कडासुद्धा दिसत नाही.