स्वस्त इलेक्ट्रिक गिटार सुरात राहत नाही? आधी ती नीट लावून बघा

गिटार शिकू पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला कायम फिरत असतो: वीस हजारांच्या आतली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे खेळणं. ती सुरात राहत नाही, तारा उंच असल्यामुळे बोटं सोलून निघतात, आवाज भिकार येतो. म्हणून आधी दोन वर्षं अकूस्टिकवर (बिनविजेच्या गिटारवर) काढा आणि पन्नास हजार साठले की चांगली घ्या. हे वाचून कित्येक जण गिटार घेतच नाहीत, आणि ज्यांनी घेतलेली असते ते चांगलं वाद्य माळ्यावर टाकून देतात. म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘सुरात राहत नाही’ म्हणताना सगळा दोष ट्यूनरवर (तार ताणायच्या खुंट्यांवर) टाकला जातो. सीलबंद ट्यूनर सहसा घसरत नाहीत; घसरते ती तार. तार बसवताना खुंटीच्या पुढे पाच सेंटिमीटर ढील ठेवा, म्हणजे खाली उतरत जाणारे दोन-तीन वेढे बसतात. मग बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची, नेकवरची, धातूची आडवी पट्टी) तार बोटाने हलकेच वर ओढा, पुन्हा सुरात आणा. असं तीन-चार वेळा. नवी तार ताणली जात असते तोवर ती उतरणारच, मग गिटार लाखाची का असेना.

तरीही सूर हलत असेल तर नट बघा, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी. ट्यूनर फिरवताना स्वर जागचा हलत नाही आणि मग ‘टिंग’ आवाज करून एकदम उडी मारतो? म्हणजे तार नटच्या खाचेत अडकते आहे. तार सैल करा, खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा आणि नेहमी खालून वर येत सूर मिळवा. दुसरा संशयित ट्रेमोलो: दांडी दाबून सूर हलवता येणारा, स्प्रिंगांवरचा पूल (ब्रिज, तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग). दांडी वापरायची नसेल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन लांब स्क्रू आवळा, पूल बॉडीला टेकेपर्यंत. यामुळे बेंड करताना (तार बाजूला ओढून स्वर चढवताना) बाकीच्या तारा उतरायच्या थांबतात, आणि एक तार तुटली तरी उरलेल्या पाच सुरात राहतात.

मोकळ्या तारा सुरात, पण पहिल्या दोन फ्रेटवरचे कॉर्ड चढे लागतात, ही तक्रार वेगळी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. केसाएवढी पुरे. जास्त असेल तर नटची खाच खोल करावी लागते. हे काम मात्र कारागिराकडेच द्या; खाच जास्त घासली गेली की मोकळी तार खरखरते आणि नट बदलावाच लागतो.

आता उंच तारा. कारखान्यातून गिटार बहुधा अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त ठेवूनच निघते, कारण मग खरखरीची तक्रार येत नाही. ती खाली आणणं हे मालकाचंच काम आहे. लिओ फेंडर यांनी 1950 मध्ये बाजारात आणलेली सॉलिड बॉडी (भरीव लाकडाची) गिटार मुळातच झटपट जुळवता यावी अशी आखलेली होती: नेक स्क्रूंवर, पूल स्क्रूंवर. आजच्या बहुतेक स्वस्त गिटार त्याच घडणीच्या आहेत.

क्रम मोडू नका. नव्या तारा चढवून गिटार सुरात आणा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, जाडी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवरची फट मोजा. ती सुमारे 0.25 मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, नेकचा बाक बदलणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, कमी असेल तर उलट. पुन्हा सुरात आणून पुन्हा मोजा. रॉड अडला तर जोर लावू नका. मग सॅडलच्या (पुलावर प्रत्येक तारेखाली असलेल्या तुकड्याच्या) बारीक अ‍ॅलन स्क्रूंनी बाराव्या फ्रेटवर जाडी तार 2 मिमी आणि बारीक तार 1.5 मिमीवर आणा. शेवटी इंटोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे स्वर बरोबर लागणं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर सूर दाखवणाऱ्या ट्यूनर यंत्रावर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. मुंबईच्या पावसाळ्यात बसवलेली गिटार उन्हाळ्यात पुन्हा मोजावी लागते, कारण लाकूड हलतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तर फ्रेटची टोकं नेकबाहेर येऊन हाताला टोचू लागतात. ती घासून घेता येतात.

आवाजाचं म्हणाल तर आधी पिकअपची (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागाची) उंची बघा. तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून सिंगल कॉइलपासून (एकाच गुंडाळीच्या पिकअपपासून) 2 ते 2.5 मिमी अंतर ठेवा. पिकअप फार जवळ असेल तर चुंबक तार ओढतो आणि जाड्या तारांचा स्वर डगमगतो. गुणगुण तर महागड्या सिंगल कॉइललाही येते. तारांना हात लावताच ती कमी होणं नेहमीचंच आहे, पण अँप (अँप्लिफायर) अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच लावा.

‘आधी अकूस्टिक’ हा सल्ला तर उलटाच आहे. अकूस्टिकवर सर्रास 12-53 चा सेट असतो (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी सांगतात, इंचाच्या हजारांशात) आणि तिसरी तारही गुंडाळलेली असते. इलेक्ट्रिकवर 9-42 चालतो. बोटं जास्त कुठे दुखतील हे वेगळं सांगायला नको. ज्याला अकूस्टिकच वाजवायची आहे त्याने जरूर तिथून सुरुवात करावी.

त्या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढंच की काही स्वस्त गिटार खरोखर घेण्यालायक नसतात. नटकडून पुलाकडे नजर लावून बघा. नेकला पीळ असेल तर परत ठेवा, तो ट्रस रॉडने निघत नाही. ट्रस रॉडच नसेल तरीही परत. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा: लागोपाठच्या दोन फ्रेटवर एकच स्वर आला तर पुढचा फ्रेट वर आला आहे, आणि सगळे फ्रेट समतल करून घेण्याचा खर्च स्वस्त गिटारला परवडत नाही. ऑनलाइन मागवली असेल तर ही तपासणी परतीची मुदत संपायच्या आत उरका.