घर गुण्यात नसलं की नक्षीचीच लादी घ्यावी

गावचं घर दुरुस्तीला काढलंय ना, मग ओटीवरून मागीलदारी जाणारा तो चिंचोळा पॅसेज आहे, जिथे कोबा फुटून खालची माती दिसायला लागलीय, तिथे जुन्या पद्धतीची नक्षीची लादीच टाका. दुसरं काही बघूच नका. साधी शहाबादी टाकलीत तर भिंत वाकडी आहे, घर गुण्यात म्हणजे काटकोनात नाही, हे कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही, आणि मग एवढा खर्च करून काय मिळवलं?

आधी थोडं ज्ञान गोळा करा, चवथीला मुंबईची मंडळी येतील तेव्हा बोलायला लागतं. या लाद्यांना सरसकट 'मिंटन' म्हणायचं. खऱ्या मिंटन म्हणजे विलायतेच्या मिंटन कंपनीच्या, रंगीत माती साच्यात भरून भट्टीत भाजलेल्या, कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहेत त्या. तुम्ही घेताय त्या सिमेंटच्या, त्यांनी भट्टी बघितलेलीच नाही, लोखंडी साच्यात पांढरं सिमेंट, मार्बलची पावडर आणि रंग ओतायचा, त्यावर सिमेंट-रेतीचा थर, मग हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून पाण्यात मुरवत ठेवायचं, संपलं. १९२२ साली सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्सचा असल्या लाद्यांचा कारखाना उरणला, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, पण उरण म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, तेव्हा विलायतच बरी. आणि वीसेक वर्षांपूर्वी काकांनी माजघरातल्या असल्याच लाद्या उखडून पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड बसवली आणि त्या जुन्या लाद्या विहिरीपाशी भांडी घासायच्या जागेला पालथ्या घातल्या, तो विषय काढूच नका.

आता माप. माप एकाच ठिकाणी घ्यायचं, दारात. टेप धरायला भाचा घ्या, तो मोबाइल बघत धरेल. दारात चार फूट दोन इंच आलं की चार फूट धरा, लांबी बावीस, झाले ८८ चौरस फूट, आठ इंची लादी म्हणजे १९८ नग. बरोब्बर १९८ च मागवा. तुटफूट, कापाकापी यासाठी दहा टक्के जास्त घ्या असं दुकानदार सांगतो, तो सांगणारच, त्याचा धंदा आहे. पुढे चौदा लाद्या कमी पडल्या की त्याच डिझाइनच्या पण दुसऱ्या लॉटच्या मिळतात, त्यातला मरून थोडा विटकरीकडे झुकलेला असतो, त्या शेवटी मागच्या दाराशी येतात आणि दिवसा उजेडी फार छान दिसतात. वजनाची काळजी करू नका, एक लादी पावणेदोन-दोन किलोची, दोनशे म्हणजे साडेतीनशे-चारशे किलो, टेम्पो पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, वर थांबतो, पुढे तुम्ही आणि तुमचं डोकं.

पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला माप घेतलंत तर तिथे तीन फूट दहा भरेल. म्हणून तर म्हटलं, घेऊ नका. ही चार इंचाची भानगड चिऱ्याची नाही, गवंड्याचीही नाही, ती वाटणीची आहे. आजोबांनी घर बांधलं तेव्हा ते गुण्यात होतं, मग वाटणी झाली, मधे भिंत घालायची ठरली, दाराशी पंच उभे होते म्हणून तिथे भिंत दोरीत आली आणि मागीलदारी कुणी उभं नव्हतं म्हणून तिथे ती चुलत्याच्या मर्जीने आली. चाळीस वर्षं हे कुणाला सिद्ध करता आलं नाही, मोजणीवालासुद्धा चहा पिऊन गेला.

गवंडी येईल. तो लादीला हात लावणार नाही, आधी भिंतीला गुण्या लावेल, मग जमिनीवर तीन फूट, चार फूट खूण करून तिरकं माप पाच येतं का बघेल, पाणसळ ठेवेल, आणि विडी काढून म्हणेल, "भाऊनू, ह्यां घर गुण्यात नाय हां." इथे रागवायचं. घराला कुणी नाव ठेवलं की रागवायचंच असतं. मग तो सांगेल की मधोमध दोरी मारूया, त्या दोरीवर चार लाद्यांची नक्षी सरळ नेऊया, दोन्ही बाजूला चार-चार इंचाची बॉर्डर, आणि भिंतीलगत साधी काळी पट्टी, दारात ती पाच इंच ठेवू आणि मागे जाता जाता तीन इंच करू, साध्या रंगात डोळ्याला कळत नाय. हे अजिबात ऐकू नका. काळ्या साध्या पट्टीला कोण पैसे देतं? नक्षीचे पैसे दिलेत, नक्षी भिंतीपासून भिंतीपर्यंत पाहिजे. जुन्या माजघरात भिंतीलगत अशीच काळी पट्टी होती, लहानपणी तिच्यावरून तोल सांभाळत चाललोय आपण, पण ती आजोबांची काटकसर असणार.

तेव्हा गवंड्याला सांगा, डाव्या भिंतीला चिकटून पूर्ण लादीने सुरुवात कर. दारात सहा लाद्या बसतात आणि उजवीकडे दोन इंच उरतात, तिथे दोन इंचाची चिरफळी कापून लावायची, ती पुढे निमुळती होत होत पॅसेजच्या मध्यावर नाहीशी होते, आणि तिथून सहावी लादीच कापायला लागते ती शेवटी सहा इंच उरते. चार लाद्या मिळून एक फूल होतं हे तुम्ही दुकानात बघितलं होतंच, आता उजव्या भिंतीलगतची फुलं पुढे पुढे अशी दिसतात की कुणीतरी एका बाजूने खात गेलंय. दारात उभं राहून बघा. मोजणीचा नकाशासुद्धा एवढा स्वच्छ निघत नाही.

ठोकायला साधा लोखंडी हातोडाच द्या, रबराचा शोधत बसलात तर चवथ उलटून जाईल. काम जुलैमध्येच काढा, झड पडवीतून ओटीपर्यंत येते, खालची जमीन ओलीगच्च असते, मग लादीतून पांढरे क्षार फुटून वर येतात, पाहुण्यांना रांगोळीचं पीठ सांडलंय असं सांगता येतं. ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा माल, भरायच्या आधी सीलर मारतात म्हणे. सिमेंटची लादी पाणी पिते, सीलर नसला की काळं ग्राउट तिच्या पांढऱ्या पाकळ्यांत शिरून बसतं, पण तो डबा दोन हजाराचा. नकोच. पुढे कुणाच्या तरी हातून आगळाची बाटली कलंडेल, कोकमाची आंबटाई सिमेंट खाते, तिथे जो खरखरीत गुलाबी डाग पडेल त्याला पॅटिना, म्हणजे जुनेपणाचं तेज, म्हणायचं. नाही आवडला तर न्हाणीघरातलं ऍसिड ओता, डाग जाईल. आजूबाजूची नक्षीही जाईल.

जुना कोबा फोडत बसू नका, त्याच्यावरच लादी चढवा. पाऊण-एक इंच लादी, खाली तेवढाच माल, म्हणजे जमीन दीड-दोन इंच वर आली, मागचं दार उघडेना, ते खालून तासलं, आणि जो उंबरठा पावसाचं पाणी अडवायचा तो आता लादीच्या बरोबरीला आल्यामुळे पाणी आत यायला मोकळं झालं. आजीला पाय उचलायला लागत नाही, एवढा फायदा झालाच.

चवथीला चुलते आरतीला येतात. पॅसेजमधून जाताना ते थांबतात, उजवीकडच्या त्या निमुळत्या फुलांकडे बराच वेळ बघतात, भिंतीकडे मात्र बघत नाहीत, आणि म्हणतात, "लादी वाकडी बसली रे तुझी. गवंडी खयचो?" तुम्ही गवंड्याला चार शिव्या घाला. गणपती घरात असताना दुसरं काय बोलणार.

विसर्जन झालं की उजव्या भिंतीला लावून जुनं शिसवी कपाट ठेवा, फुलं झाकली जातात. जमीन लेव्हलला नाही त्यामुळे ते डुगडुगेल, तेव्हा पायाखाली लादीचा तुकडा सरकवायला लागेल. उरलेला एकही नसणार, १९८ च मागवल्या होत्या ना. विहिरीपाशी जा, भांडी घासायच्या जागेतली एक काढा आणि उलटी करून बघा.