परिषद शहरात, पांढर गावात

परवा आमच्या पुरातत्त्व अभ्यासकांच्या मंडळाची वार्षिक परिषद झाली. दोन दिवस, भरगच्च. निबंध चांगले होते, चर्चाही जोरात झाली. पण एका सत्रात पडद्यावर पांढरीच्या टेकाडाचा फोटो आला आणि माझं लक्ष उडालं. ज्याच्या शेतात ते टेकाड आहे, तो माणूस सभागृहात नव्हता. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. मी कार्यकारिणीत आहे, म्हणजे मीही नाही.

पांढर म्हणजे जुन्या वस्तीची माती. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी ती पिकाला कसदार होते, म्हणून ट्रॉल्या भरभरून शेतात जाते. तिच्यासोबत खापरं, मणी, हाडं, चुलीसुद्धा जातात. शेतकऱ्याला दोष कसा देणार? ती माती काय आहे हे त्याला सांगायला आपण गेलोच कधी?

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचंच घ्या. १९६८ ते १९८३ घोडनदीच्या काठी उत्खनन चाललं. शंभराहून जास्त घरं, घराच्या जमिनीखाली कुंभात पुरलेली लहान मुलं, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक माणूस. ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या शेतकऱ्याचं एवढं सविस्तर चित्र आपल्याला दुसरीकडे क्वचितच मिळालं. अहवाल १९८८ साली आला, इंग्रजीत. तो विद्वानांसाठी हवाच होता. पण हे उत्खनन करणाऱ्यांपैकी म. के. ढवळीकर सरांनी पुढे मराठीत लिहिलं नसतं, तर माझ्यासारखा वाणिज्य शाखेचा मुलगा या वाटेला आलाच नसता.

आणि प्रबोधन म्हणजे आपण लोकांवर उपकार करतो, ही समजूत आधी सोडली पाहिजे. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही चार कांस्यशिल्पं मिळाली. मिळून ६० किलोच्या वर वजन. ती पुरातत्त्वज्ञांच्या खड्ड्यात सापडली नाहीत, झाडाचं मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याच्या हाती लागली. तो धातू भंगारात गेला असता तर? कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे जांभ्या दगडात कोरलेली चित्रंही सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, गुरं चारणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. कुडोपीच्या सड्याला तर लोक 'बाहुल्यांचा सडा' म्हणतात. २०२२ मध्ये ही स्थळं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण चिरेखाणीचं यंत्र सड्यावर येतं तेव्हा ते बघायला आधी गावच असतं, आपण नसतो.

वारसा सप्ताहात आम्ही शाळेत फलक लावतो, फीत कापतो, फोटो काढतो. मला हे पुरेसं वाटत नाही. मुलांच्या हातात खापर दिलं पाहिजे. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका गावात जोर्वे पद्धतीच्या, म्हणजे ताम्रपाषाण काळातल्या, तोटीच्या भांड्याची प्रतिकृती नेली होती. लाल अंग, काळ्या रेघांची नक्षी, बाजूला लांब तोटी. मी तिच्याबद्दल बोलणार तोच मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, हे तर केवढं मोठं बोंडलं!" मग बाळाला दूध कसं पाजायचे, तोटी कुठं धरायची, यावर बायकाच बोलत राहिल्या. त्या काळी ते भांडं नेमकं कशासाठी वापरत, यावर मतं वेगवेगळी असतील. पण त्या अर्ध्या तासात तीन हजार वर्षांपूर्वीची वस्तू सगळ्यांच्या ओळखीची झाली. आमच्या परिषदेत असं मी पाहिलेलं नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझं म्हणणं मांडलंय. पुढच्या परिषदेचा एक दिवस गावात, देवळाच्या सभामंडपात घ्यायचा. ज्या गावच्या शिवारावर निबंध आहे, तो आधी त्या गावात मराठीत वाचायचा, आणि प्रश्न विचारायचा पहिला मान गावकऱ्यांचा. स्मृतिचिन्हं, शाली यांचा खर्च वाचवून प्रत्येक शाळेला खापरांच्या प्रतिकृतींची एक पेटी द्यायची. काहींना हे दर्जा घसरवणं वाटलं. मला वाटत नाही. सोप्या मराठीत सांगताना आपलंच किती कच्चं आहे ते कळतं, हे मी स्वतः अनुभवलंय.

त्या आजींच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा काल फोन आला. टेकाडाचा पूर्वेकडचा कोपरा त्याने सपाट करायचा थांबवलाय. "पेरणीच्या आधी या," म्हणाला, "नंतर पाऊल टाकायला जागा राहणार नाही." येत्या रविवारी आम्ही चौघं निघतोय. गाडीत एक जागा रिकामी आहे.