पिल्लाच्या ग्रूमिंगला सहा महिने थांबायचं? नको, आजच हात लावा

घरात कुत्र्याचं नवीन पिल्लू आलं की कुणीतरी एक मेसेज हमखास पाठवतं. त्याचा मजकूर थोडक्यात असा: सहा महिने ब्रश, नखं, अंघोळ काही नको, कारण त्वचा नाजूक असते. लसी पूर्ण व्हायच्या आत तर मुळीच नको. पहिल्या वेळी दोघांनी घट्ट धरून सगळं एकदाच उरका, म्हणजे त्याला कळतं. खाऊ देऊन लाडावू नका. आणि उन्हाळ्यात केस पार काढून टाका, अंग थंड राहतं आणि नवे केस दाट येतात. पाठवणाऱ्याला काळजी असते, पण हा सल्ला पाळला तर त्रास पिल्लालाच होतो.

‘सहा महिने थांबा.’ पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं तो काळ साधारण 3 ते 12–14 आठवड्यांचा. त्या दिवसांत जे पुन्हा पुन्हा आणि सुखाने अनुभवाला येतं, ते त्याला पुढेही नेहमीचं वाटतं. त्यानंतर अनोळखी वस्तूकडे ते आधी संशयाने बघतं. पिल्लू घरी येतं तेच बहुधा 8 आठवड्यांचं, म्हणजे आपल्या हातात जेमतेम चार-सहा आठवडे उरतात. सहा महिने थांबलं की ते गेले.

त्यात पूडल, शित्झू, ल्हासा अशा लांब केसांच्या जातींत साधारण सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात. जुने सुटे केस नव्यांत अडकतात आणि रोज जटा होतात. तोवर ब्रश न पाहिलेल्या पिल्लाला पहिलाच ब्रश ओढणारा, दुखवणारा मिळतो. सुरुवातीला याहून वाईट मुहूर्त नाही.

खरं तर पहिल्या आठवड्यात कुठलंही हत्यार लागत नाही. खेळून दमलेलं, थोडं पेंगुळलेलं पिल्लू जवळ घ्या. खांद्यावर एक सेकंद हात ठेवा, हात काढा, खाऊ द्या. एक-दोन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढंच. खांद्यावरून पाठ, छाती, कान, पोट, शेपूट असं पुढे जा. पंजे आणि बोटांच्या फटी शेवटी, कारण बहुतेक पिल्लांना तिथलाच स्पर्श सर्वांत नकोसा वाटतो. मग ब्रश नुसता हुंगू द्या, ब्रशची पाठ अंगावरून फिरवा आणि त्यानंतर ब्रशच्या दातांनी एकदाच हलकेच विंचरा. याच ओघात ओठ उचलून हिरडीवरून बोट फिरवलं की पुढे दात घासणं सोपं जातं. माणसांची टूथपेस्ट मात्र कधीच नको. काहींत झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे.

‘त्वचा नाजूक असते.’ हे खरं आहे. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण 10–15 थर, तर कुत्र्याच्या फक्त 3–5. तिचा सामूही (pH) आपल्यापेक्षा उदासीनतेकडे झुकणारा, म्हणजे कमी आम्लधर्मी. पण यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की माणसांचा शांपू, बेबी शांपूसुद्धा, वापरू नये. पिल्लांसाठीचा सौम्य शांपू बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पातळ करून घ्यावा. पाणी 37–38 अंशांचं, कोपर बुडवलं तर ना गरम ना गार असं. टबात पाय न घसरणारी मॅट हवीच, कारण पाय सटकला की भीती पाण्याची नव्हे, त्या जागेचीच बसते. पहिले दोन-तीन दिवस कोरड्या टबात नुसतं उभं करून खाऊ द्या. पाणी मागच्या पायांपासून घ्या, डोक्यावर कधीच ओतू नका, तोंड ओल्या फडक्याने पुसा. टॉवेल घासू नका, दाबून पाणी टिपा. ड्रायर आधी दुसऱ्या खोलीत चालू ठेवा आणि आवाजाची सवय झाल्यावर अगदी कमी उष्णतेवर, हवा सतत आपल्या हातावरून घेत वापरा.

‘लसी होईपर्यंत नको.’ बाहेरच्या सलूनपुरतं यात तथ्य आहे. लसींची मालिका साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालते, आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर, वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतो. अनेक कुत्री उभी राहणाऱ्या टेबलावर पिल्लू कधी न्यायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पण घरात आपल्या हाताने पंजा धरण्याचा लसीशी संबंध नाही. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यकांच्या संस्थेची भूमिकाही वाट बघत बसा अशी नाही. पहिली लस होऊन किमान 7 दिवस झाले असतील, तर 7–8 आठवड्यांपासून पिल्लांच्या वर्गाला नेता येतं, असं ती सांगते.

‘घट्ट धरून एकदाच उरका.’ सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. दाबून धरलेलं पिल्लू आधी धडपडतं आणि मग एकदम गप्प होतं. ‘बघा, शांत झालं!’ असं सगळे म्हणतात. ते शांत झालेलं नसतं, थिजलेलं असतं. तोंड मिटून घट्ट, शेपूट पोटाखाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, समोरचा खाऊही नको. त्याआधी त्याने ओठ चाटले, जांभई दिली, मान फिरवली, आणि ते कुणी पाहिलं नाही. पुढच्या वेळी नेलकटर दिसताच ते पळेल, त्यानंतर गुरगुरेल. चावरं म्हणून हिणवलेल्या कित्येक कुत्र्यांची सुरुवात अशा एखाद्या दिवशी झालेली असते.

प्रत्येक पायाला चार आणि पुढच्या दोन्ही पायांना एकेक अंगठा, अशी साधारणपणे 18 नखं असतात. दिवसाला एक कापलं तरी अठरा दिवसांत सगळी होतात. बोट हलकेच धरा आणि टोकाचा वळलेला आकडा 1–2 मिलिमीटर कापा. पांढऱ्या नखात रक्तवाहिनीचा गुलाबी भाग दिसतो, त्याच्या अलीकडे थांबा. काळ्या नखात तो दिसत नाही, म्हणून पातळ चकत्या काढत कापलेला भाग बघत जा. आधी तो कोरडा, खडूसारखा दिसतो. मध्यभागी ओलसर गडद ठिपका उमटला की बस्स. चुकून रक्त आलंच, तर रक्त थांबवणारी पूड किंवा कॉर्नफ्लॉवर नखावर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. सारखं उचलून बघू नका आणि त्या दिवशी पुढे काही कापू नका. अंगठ्याचं नख जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही, आणि दुर्लक्ष झालं तर गोल वळून मांसात शिरतं. इथेही ‘थांबा’ नडतं. नख वाढलं की आतला जिवंत भागही लांबतो, मग एका फटक्यात ते आखूड करता येत नाही. दर आठवड्याला टोक काढत त्याला मागे सरकवावं लागतं.

‘खाऊने लाडावतं.’ खाऊ इथे लाच नाही. स्पर्शानंतर काहीतरी चांगलं येतं, हे मेंदूला शिकवण्याचं ते साधन आहे. म्हणून क्रम चुकवू नका: आधी स्पर्श, मग खाऊ. स्पर्श नाही, तर खाऊही नाही. उलट केलं, म्हणजे आधी खाऊ दाखवून मग पंजा पकडला, की थोड्याच दिवसांत खाऊ दिसताच ते मागे सरकतं. तुकडा वाटाण्याएवढा, रोजच्या खाण्यातूनच वजा करायचा. आवडता खाऊही घेईनासं झालं, तर आपण घाई केली. दोन पायऱ्या मागे या.

‘उन्हाळ्यात केस पार काढा.’ लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन यांच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली मऊ लव. वरचा थर उन्हापासून त्वचेला वाचवतो. मशीन फिरवल्यावर काहींचे केस महिनोन्‌महिने येत नाहीत, आले तर विरळ, ठिपक्याठिपक्यांनी. कापल्याने केसांची मुळं वाढत नाहीत, म्हणून दाट होण्याचा प्रश्नच नाही. यांना गरज असते ती मोकळी झालेली आतली लव विंचरून काढण्याची. पूडलसारख्यांचे केस कापावे लागतात, पण त्वचेपर्यंत नव्हे.

लांब केस वरवर विंचरून फसू नका. बोटांनी केस दुभागून त्वचेची रेघ दिसू द्या आणि धातूचा कंगवा तिथपासून टोकापर्यंत ओढा. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली तो अडेल. जटेची मुळाकडची बाजू चिमटीत धरा, म्हणजे ओढ त्वचेला लागत नाही, आणि टोकाकडून थोडी थोडी सोडवा. तिथे कात्री घालू नका, कारण जटेत त्वचा वर ओढलेली असते आणि केसांबरोबर तीही कापली जाते. जटा सोडवल्याशिवाय अंघोळही नको, पाण्याने त्या आवळतात.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की सलूनची पहिली भेट 10–15 मिनिटांचीच ठरवा. टेबलावर उभं राहणं, बंद मशीन अंगाला टेकवणं, मग दूरवर चालू आवाज, एखादा पंजा पुसणं, आणि घरी. पूर्ण कटिंग दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत करायचं, हे तिथल्या माणसाला आधीच स्पष्ट सांगा. तो ‘आलाच आहात तर उरकून टाकू’ म्हणाला, तर पिल्लू उचलून परत या.