बीटल्सचा न झालेला अल्बम

परवा रविवारी प्रभात रोडला मित्राच्या घरी दुपारी जेवून आम्ही चौघं जे बसलो, ते दिवेलागणीलाच उठलो. फर्ग्युसनच्या दिवसांपासूनचा वाद पुन्हा निघाला होता. बीटल्स हा चौघांचा इंग्लिश बँड फुटलाच नसता तर त्यांच्या १९६९ च्या ‘ॲबी रोड’नंतरचा अल्बम कसा असता? या वेळी मी हट्टाने प्रत्येकाच्या हातात वहीचं एकेक पान दिलं. मोबाइलवर यादी करायला घेतली की बघता बघता ४० गाणी होतात. पानावर मधोमध रेघ मारायची, दोन बाजू, एका बाजूला २२-२३ मिनिटं. एलपीवर, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीवर, तेवढंच नीट मावायचं, आणि खरा कस तिथेच लागतो.

कुणाची किती गाणी, हा नियम आपल्याला शोधावा लागत नाही. खुद्द जॉन लेननने तो सांगून ठेवलाय. ८ सप्टेंबर १९६९ रोजी जॉन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन लंडनला बँडच्या ऑफिसात भेटले. चौथा, ड्रमर रिंगो स्टार, तपासण्यांसाठी हॉस्पिटलमध्ये होता, म्हणून त्याच्यासाठी सगळं बोलणं टेप केलं. पुढच्या अल्बमला माझी ४, पॉलची ४, जॉर्जची ४ आणि रिंगोला हवी असतील तर २, असं जॉन त्यात सुचवतो. वाटणीच आहे ही, पण घर एकत्र राहावं म्हणून केलेली. त्याच टेपवर पॉल म्हणतो की ‘ॲबी रोड’पर्यंत जॉर्जची गाणी तितकीशी चांगली नव्हती असं त्याला वाटायचं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला मनापासून लागलं होतं, अजूनही लागतं. ‘ॲबी रोड’च्या १७ गाण्यांत जॉर्जची फक्त २! पुढे १२ दिवसांनी जॉनने सांगून टाकलं की मी चाललो. ती वाटणी कागदावरसुद्धा आली नाही.

बहुतेक चाहते काय करतात, तर १९७० आणि ७१ चे चौघांचे सोलो अल्बम समोर घेतात, त्यातली गाजलेली गाणी उचलतात आणि एकापुढे एक लावतात. मला हे पटत नाही. कारण त्यातली कितीतरी गाणी घर मोडलं म्हणूनच झालीत. जॉनचं ‘गॉड’ घ्या. आपला बीटल्सवर विश्वास नाही, असं त्यात तो उघड म्हणतो. गाणं जबरदस्तच आहे, पण ते बीटल्सच्या अल्बममध्ये घालायचं कसं?

खरी पंचाईत झाली ती ‘मेबी आय ॲम अमेझ्ड’पाशी. पॉलने ते बायकोसाठी, लिंडासाठी लिहिलं, बँड फुटत असताना तिने त्याला सावरलं म्हणून. वाद्यं सगळी त्याने एकट्याने वाजवलीत. माझ्याच नियमाने ते बाहेर जातं. मी तसं म्हटल्यावर मित्राची बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “हे नसेल तर मला तुमचा अल्बमच नको.” तिच्यासमोर माझ्याच्याने ते खोडवेना. मग नुसता कंस केला. तो कंस अजून तसाच आहे.

बाकी जागा मात्र मी बँडपुढे आधीच येऊन गेलेल्या गाण्यांनी भरल्या. पॉलचं ‘अनदर डे’, ‘द बॅक सीट ऑफ माय कार’, ‘एव्हरी नाइट’ ही तिन्ही जानेवारी १९६९ च्या तालमींत वाजलेली आहेत. जॉनचं ‘गिमी सम ट्रुथ’ तेव्हाचंच. ऋषिकेशच्या मुक्कामातून आलेलं त्याचं ‘चाइल्ड ऑफ नेचर’ही तेव्हा होतं, त्याच चालीवर त्याने पुढे ‘जेलस गाय’ केलं. ‘कोल्ड टर्की’ही त्याने बँडपुढे ठेवलं होतं. चौथं गाणं मला मिळालं नाही. जॉनचाच रकाना अपुरा राहावा, हे मला खरंही वाटतं. त्याचं लक्ष तेव्हा घरातून उडालेलंच होतं. रिंगोचं ‘इट डोन्ट कम ईझी’ घेतलं, जॉर्जच त्यात गिटारवर आहे.

जॉर्जकडे मात्र रांग लागलेली. नोव्हेंबर १९७० मध्ये त्याने एकदम तीन तबकड्यांचा अल्बम काढला, इतकं साठलं होतं. त्यातलं ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ चौघांनी तालमीत वाजवून बाजूला ठेवलेलं. २५ फेब्रुवारी १९६९ ला, स्वतःच्या २६व्या वाढदिवशी, तो एकटाच स्टुडिओत गेला आणि ते नुसत्या गिटारवर गाऊन आला. १९९६ साली ते रेकॉर्डिंग बाहेर आलं. रात्री हेडफोन लावून ऐका. प्रत्येक ओळ संपली की पुढे एक मोकळी जागा येते. तिथे बाकीच्या दोघांचे आवाज यायला हवे होते, हे कान आपोआप सांगतात.

मित्राला शेवट याच गाण्याने हवा होता. मी नाही म्हटलं. आपण पुण्यात वाढलोय, मैफल भैरवीने संपते हे आपल्या अंगात मुरलंय. आणि इथे भैरवी म्हणजे ‘इझन्ट इट अ पिटी’. १९६६ पासून पडून राहिलेलं, आपण एकमेकांची मनं कशी मोडतो ते सांगणारं, ७ मिनिटांचं गाणं. ज्यांनी ते तेव्हा घेतलं नाही त्यांनीच मागे उभं राहून ते वाजवावं, असं मला फार वाटतं. रिंगोचे ड्रम्स मूळ रेकॉर्डिंगमध्ये आहेतच. त्या लांबत जाणाऱ्या शेवटाखाली पॉलचा बेस, आणि वर जॉर्जच्या आवाजाला लागून जॉनचा आवाज. माझ्या पानावर दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणून एवढं लिहिलंय, आणि त्यापुढे तिघांची नावं.