हाताबाहेरच्या गोष्टी कोणत्या, यावरच खरा मतभेद

‘आपल्या नियंत्रणात आहे तेवढ्यावरच लक्ष द्या’ हे सूत्र प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या स्टोइक विचारात आणि आजच्या व्यक्तिमत्त्व विकासात समान आहे, हे या दोहोंची तुलना करणाऱ्या लेखातील प्रतिपादन मला अर्धेच पटले. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसच्या शिकवणीचे त्याचा शिष्य अरियन याने जे छोटे संकलन केले, त्याच्या पहिल्याच परिच्छेदात शरीर, मालमत्ता, प्रतिष्ठा आणि पद या गोष्टी हाताबाहेरच्या म्हणून बाजूला काढल्या आहेत. आजच्या कार्यशाळांत उद्दिष्टे म्हणून वहीत उतरवायला सांगतात, त्या बहुधा याच असतात.

त्याच संकलनात सार्वजनिक स्नानगृहाचा दाखला आहे. तिथे लोक पाणी उडवतील, धक्काबुक्की करतील, शिव्या देतील, एखादा चोरीही करील, हे निघण्यापूर्वीच मनात आणावे आणि मला स्नानाबरोबर मनाचा तोलही राखायचा आहे, असे स्वतःला बजावावे, असे एपिक्टेटस सांगतो. यशाचे चित्र रोज डोळ्यांसमोर आणण्याच्या सध्याच्या रिवाजाच्या हे अगदी उलट आहे.

खरे नाते शोधायचे तर ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत सापडते. माणूस घटनेमुळे नव्हे, तर तिच्याविषयीच्या आपल्या मतामुळे अस्वस्थ होतो, या विचारासाठी त्यांनी एपिक्टेटसचे ऋण उघडपणे मान्य केले होते. मात्र एलिस यांना रुग्णाचा त्रास कमी करायचा होता, तर स्टोइकांच्या लेखी सद्गुण हेच एकमेव खरे हित होते आणि मनःशांती (हवे तर) त्याचे आनुषंगिक फळ. एवढ्या विस्तृत लेखात एलिस यांचा साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.