‘सभेला कोणी येतच नाही’ : एका मुख्यसेविकेच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

अंगणवाडी आणि पालक यांच्या नात्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं : तुमच्या बीटमध्ये, म्हणजे तुमच्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांत, पालकसभेला पाच-सहा आया येतात, बाप एकही नाही. सेविकेच्या डोक्यावर वजन-उंची, टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार), रजिस्टरं आणि पोषण ट्रॅकरचं ॲप. आया सकाळी सातला मजुरीला जातात, निम्म्यांना लिहिता-वाचता येत नाही. यांना मुलांची पर्वाच नाही, मग भागीदारी करायची कुणाशी?

एक गोष्ट आधी मान्य करते. महिन्याला दोन तासांची सभा घ्या, ही लेखातली माझी सूचना चुकलीच. मजुरी बुडवून कोणी का बसावं? ती मागे घेते. पण येत नाहीत म्हणजे त्यांना मुलांची पर्वा नाही, हा तुमचा निष्कर्ष पटत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) काम करू लागल्या, तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आपण रोज लिहितो तो ‘अंगणवाडी’ शब्द तिथला आहे. सभेचंही तसंच करावं लागेल.

मुलाला सोडायला आजी किंवा मोठी बहीण येते ना? तीच पालक. सेविकेने रोज दोघांशी दारातच दोन-दोन मिनिटं बोलायचं. पंचवीस मुलांची फेरी तेरा दिवसांत पुरी होते. जी घरं दारात भेटतच नाहीत तेवढीच गृहभेटीला ठेवायची, आठवड्याला एक, संध्याकाळी, आई चुलीपाशी असताना. आणि बाप हवे असतील तर बाजाराच्या दिवशी, पारावर, अर्धा तास.

बहुतेक ठिकाणी बिघडतं ते पहिल्या वाक्यात. ‘तुमचा पोरगा ऐकत नाही’, ‘आधार कार्ड आणा’, ‘इथे सही करा’. अंगणवाडीतून बोलावणं म्हणजे तक्रार किंवा कागद, हे एकदा डोक्यात बसलं की माणसं लांबूनच वळतात. त्याऐवजी आज पाहिलेली एक बारीक गोष्ट सांगा आणि एक प्रश्न विचारा : ‘आज त्याने सात ठोकळे एकावर एक रचले. घरी कशाशी खेळतो?’ मिळालेलं उत्तर वहीत एका ओळीत लिहा आणि पुढच्या वेळी तिथूनच बोलणं सुरू करा. हे दुसऱ्यांदा घडलं की आजी आपणहून थांबते.

‘लिहायला शिकवा, नाहीतर कॉन्व्हेंटला घालतो’ या बापांच्या दटावणीबद्दलही तुम्ही विचारलंत. इथे भाषण उपयोगाचं नाही. बापाला डाव्या हाताने पाटीवर एक गोल काढायला सांगा. गोल वेडावाकडा येतो, हात आखडतो. चार वर्षांच्या मुलाला पेन्सिल दिली की त्याच्या हाताचं हेच होतं. मग आईसमोर सूप ठेवा, त्यात मूठमूठ वाल, चवळी आणि मूग मिसळून, आणि मुलाला ते निवडायला द्या. मूल अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत एकेक दाणा उचलतं. वाल सहज येतो, मूग निसटतो, मग चिमूट आवळली जाते. पेन्सिलीला पुढे हीच पकड लागते. निवडताना रंग, आकार, कमी-जास्त हेही आपोआप येतं. यासाठी आईला अक्षर येण्याची गरज कुठे आहे? फक्त शेजारी तीन वर्षांखालचं भावंड असेल तर दाणे नकोत, ते नाकात जातात, घशात अडकतात. कांदे-बटाटे वेगळे करायला द्या.

घरची बोली कोरकू, वारली, भिली असेल तिथे तर आईच शिक्षिका आणि सेविका विद्यार्थिनी. पाणी, भूक, शू, दुखतंय, नको, आई कुठे, असे तीसेक शब्द तिच्याकडून घेऊन देवनागरीत भिंतीवर लावा. हे न केल्यामुळे, मराठी न कळणारं मूल गप्प बसतं आणि त्याच्या नावापुढे ‘मंद’ लिहिलं जातं. हा अन्याय आहे, आणि तो आपल्याच हातून होतो.

शेवटचा मुद्दा ऊसतोडीचा. ऊस तोडायला टोळी गावाबाहेर निघाली की अंगणवाडीशी नातं तुटतं, हे खरंच. म्हणून दसऱ्याच्या आधीच प्रत्येक कोयत्याच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या, घरी एक भेट हवी : कुठल्या कारखान्याला, कुठल्या गावाला, मुकादम कोण, कोणतं भावंड धाकट्याला सांभाळणार. त्या भावंडाला पाच खेळ स्वतः खेळून दाखवा, खडे-काटक्यांवर भागतील असेच. पोहोचल्यावर फोन करून कोपीजवळच्या (तिथल्या झोपडीजवळच्या) अंगणवाडीची चौकशी करा आणि तिथल्या सेविकेला मुलाचं नाव, वजन, घरची बोली कळवा. जिथे फडाजवळ अंगणवाडीच नाही, तिथे या खेळांनी तिची जागा भरत नाही. अशा गावांची यादी तुम्ही मुख्यसेविका म्हणून वर पाठवू शकता, सेविकेला ते जमणार नाही.